आक्कांचा कंटाळा

आमच्या आक्कांना सगळ्याचाच कंटाळा यायचा. उन्हाळ्यात उन्हाचा, थंडी पडली की थंडीचा. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या बायकांचा, अंबाबाईच्या देवळातल्या गर्दीचा, रेडिओवर एकाच चालीत बातम्या वाचणाऱ्या माणसाचा. "कटाळा आला बाई ह्येचा," असं त्या म्हणत, आणि म्हणताना हातातलं काम काही थांबत नसे. नव्या माणसाला वाटायचं, बाई आळशी दिसते. प्रत्यक्षात शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांच्याइतकं राबणारं दुसरं कुणी नव्हतं. आमचा स्टोव्ह पेटायच्या आधी त्यांच्या शिलाई मशीनची घरघर सुरू व्हायची आणि दिवेलागणीला थांबायची. राग, दुःख, दमणूक, नकार या सगळ्यांसाठी त्यांच्याकडे हा एकच शब्द होता, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं.

त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. घर आमचं स्वतःचं, पण लांबट आणि अंधारं, म्हणून मागची एक खोली भाड्यानं द्यायचं आईनं ठरवलं होतं. कबनूरहून एक जण टांग्यातून मशीन, ट्रंक आणि बहिणीला घेऊन आला. बहिणीच्या कडेवर लहान मुलगा, बबन. "माजी थोरली भैन हाय. शिलाई येती तिला. कुनाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय," एवढंच तो म्हणाला. तो तिला आक्का म्हणत होता म्हणून आम्हीही आक्का म्हणायला लागलो. वयानं मोठी असूनही आईसुद्धा त्यांना आक्काच म्हणे, आणि त्या आईला ताई म्हणत. त्यांचं खरं नाव हौसाबाई.

बोलणं मोठ्यानं आणि तोंडावर. गावाकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' अशा भाषेत. एकदा एक गिऱ्हाईक बाई झंपर घट्ट झाला म्हणून तणतणत आली. आक्कांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झंपर बराबर हाय. तूच सुटलीयास." ती बाई पुढं कायम त्यांच्याकडेच यायची.

शिलाईतून उरलेल्या कपड्याचे तुकडे त्या ठेवत नसत. आठवड्याच्या आठवड्याला गाठोडं बांधून वाकळा शिवणाऱ्या एका म्हातारीला देऊन टाकत. "अहो, चांगला खण आहे, ठेवा की, उपयोगी पडेल," असं आई म्हणायची. त्यावर त्यांचं उत्तर, "ठेवून ठेवून ट्रंक भरती, ताई. मग नवं ठेवायला जागा ऱ्हात न्हाय." यात काही तत्त्वज्ञान नव्हतं. खोलीच एवढीशी होती.

नवऱ्याबद्दल त्या आपण होऊन कधी बोलल्या नाहीत. पण गल्लीत असल्या गोष्टी लपत नाहीत. पंचगंगेच्या काठी त्यांचं सासर. नवरा मारुती आणि त्याचा चुलतभाऊ गणपा यांची शेतं लागून होती, आणि मधल्या हातभर बांधावरून दोन घरांत वर्षानुवर्षं कुरबुर चालू होती. एका सकाळी दोघांची बांधावर बाचाबाची झाली. गणपाच्या हातात खोरं होतं. त्यानं ते मारुतीच्या डोक्यात घातलं. एकच घाव. आक्का त्याच वेळी न्याहारी घेऊन शेतात पोचत होत्या. त्यांच्या साक्षीवर गणपाला जन्मठेप झाली आणि तो कळंब्याच्या तुरुंगात गेला.

खून एकदाच झाला, पण आक्कांना तो किती वेळा सांगावा लागला याची मोजदाद नाही. आधी पोलिसांना, मग वकिलाला, मग कोर्टात. त्यानंतर दर वर्षी मारुतीच्या श्राद्धाला थोरले दीर त्यांना आणि बबनला न्यायला यायचे. उंच, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. धाकटा भाऊ त्यांनी मुलासारखा वाढवला होता. गावात सगळी भावकी सोप्यात बसायची आणि दीर म्हणायचे, "सांग हौसा, कसं झालं." आक्का सांगायच्या. बायका रडायच्या. दीर बबनला पुढं ओढून बसवायचे, "ध्यान दिऊन ऐक रं." दुसऱ्या दिवशी त्याला बांधावर नेऊन जागा दाखवायचे. "हितं पडला तुजा बा." गावाहून आल्यावर आक्का दोन दिवस मशीनला हात लावत नसत. "कटाळा आलाय" एवढंच म्हणत.

ती हकिकत मी एकदाच त्यांच्या तोंडून ऐकली. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्या बाईंनी खोदून खोदून विचारलं, आणि आक्कांनी परकराची कड दुमडता दुमडता सांगितलं. "पाटी डोक्यावर हुती. मी चिचंच्या झाडाखाली आलतो. पाटी खाली ठिवू का हाक मारू, ह्येच कळंना. तवर झालं हुतं." आवाज अगदी सपाट. वापरून वापरून गुळगुळीत झालेली वाक्यं. पाहुण्या बाई डोळे पुसत होत्या आणि आक्का सुईत दोरा ओवत होत्या.

बबन स्वभावानं मऊ मुलगा. गल्लीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायचा, कुणाला पाय लागला तर खेळ थांबवून विचारायचा. दहावीनंतर तो बदलला. तालमीत जायला लागला. काका गावाहून तूप आणि बदाम पाठवायचे. हसणं कमी झालं, उलट उत्तरं वाढली. एकदा दीर आमच्या कट्ट्यावर वडिलांशी बोलत बसले होते. "पोरगं आता हाताशी आलं. कळंब्याचा पावणाबी सुटायच्या बेतात हाय," असं ते शांतपणे म्हणाले. वडिलांनी विषय बदलला. आक्का दाराआड उभ्या होत्या.

मग एका रविवारी दुपारी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि पदराखालून एक वस्तू काढून ओट्यावर ठेवली. नवा कोरा सुरा होता. बबनच्या शर्टांच्या घडीखाली सापडलेला. आईनं आधी दार लोटून घेतलं. वडील म्हणाले, "पोलिसांच्या कानावर घालू या."

"आनि ह्येलाबी आत घालू या व्हय?" आक्का म्हणाल्या. "एक त्या बांधानं खाल्ला. एक तुरुंगात गेला. आता तिसरा. मला लई कटाळा आलाय, भाऊ." वडिलांना त्या भाऊ म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या शब्दाचं वजन जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. मी तेव्हा कॉलेजात होते. "माज्यासंगं कळंब्याला चल. एकटीला जायचा धीर न्हाय. तुजी आई आली तर रडत बसंल. तू न्हाय रडायचीस." माझ्याबद्दलचा त्यांचा अंदाज बरोबर होता की नाही कोण जाणे, पण मी गेले.

तुरुंगाच्या दारावरच्या शिपायानं नाव विचारलं. मग विचारलं, "कैद्याचं कोण लागता?" मागं लोक उभे होते. शिपायानं पुन्हा विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजय." तेवढं बोलायलाही त्यांना दम लागला.

लहानपणापासून मी गणपाला मनात राक्षसासारखा रंगवला होता. जाळीपलीकडे आला तो हाडकुळा, पांढरे खुंट वाढलेला माणूस. टोपी काढून हातात धरलेली. आधी त्यानं आक्कांना ओळखलंच नाही. ओळखल्यावर दोन पावलं मागं सरकला.

"वैनी," म्हणाला.

"कवा सुटनार?" आक्कांनी विचारलं.

"दिवाळीच्या आत, म्हनत्यात."

"गावाकडं जाऊ नगंस. माजं पोरगं मोठं झालंय. समद्यांनी मिळून त्येला शिकीवलंय."

काय शिकवलंय हे त्याला सांगावं लागलं नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "गेलो नसतो, वैनी. कुटंबी ऱ्हायलो असतो. पर आय हाय. डोळं गेल्यात तिचं. शेजारी भाकरी देत्यात. मी यायच्या वाटंवरच ती जित्ती हाय."

 बबनच्या वेळचं आक्कांचं बाळंतपण याच म्हातारीनं केलं होतं, हे मला नंतर कळलं. खुनानंतर दोन्ही घरांचं बोलणं तुटलं, त्यात तीही तुटली.

"वैनी, मला माफ करा," गणपा म्हणाला.

"माफी मला जमायची न्हाय. ते देवाचं काम, त्येचं त्यो बगंल." आक्कांचा आवाज चढला नव्हता. "पर रोज सकाळी उठून तुला शिव्या देत आलो मी, गणपा. दात घासायच्या आधी. त्येचा आता कटाळा आला. उद्यापास्नं देनार न्हाय."

त्यानं जाळीला कपाळ टेकलं.

"म्हातारीकडं जा," आक्का म्हणाल्या. "माज्या पोराचं मी बगतो."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मला वाटलं, काहीतरी बोलतील. पेठ जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हातारा झाला की गं."

आमचं स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. त्या संध्याकाळी बबन घरी आल्यावर त्यांनी त्याच्यापुढं सुरा ठेवला असावा, कारण जमिनीवर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

"कुनी दिला?"

"काकानं."

"मारनार हुतास?"

"आयं, तू डोळ्यानं बगितलंस. आनि तूच इचारतीस?" बबनचा आवाज फुटला होता. "त्यो सुटून येनार, आनि आमी गप बसायचं?"

"व्हय. गप बसायचं." आणि मग, "तुजा बा कसा मेला ते तुला तोंडपाठ हाय. त्यो कसा हुता ते कुनी सांगितलं का रं तुला?"

बबन फळ्यांना पाठ टेकून बसला, तेवढा आवाज आला.

"कुनीच न्हाय सांगितलं. मीबी न्हाय." आक्का सांगायला लागल्या, पण यावेळी वाक्यं सरळ येत नव्हती. एक आठवायचं, मग मध्येच थांबायच्या. मारुतीला भाजल्या शेंगा फार आवडायच्या. अंथरुणात बसून खायचा, मग टरफलं टोचायची. पावसात भिजायचा कंटाळा करायचा. सायकल धड येत नसताना लग्नानंतर त्यांना पुढं बसवून रंकाळा दाखवायला आणलं आणि भर रस्त्यात पाडलं. पाडून वर, "तूच हाललीस," म्हणाला. पलीकडं बबन हसल्याचा आवाज आला, अगदी थोडा. बापाच्या नावावर तो हसल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

"आवाज कसा हुता, आयं?" त्यानं विचारलं.

आईनं स्टोव्ह बंद केला.

"आठवंना," आक्का म्हणाल्या. "त्या एका सकाळनं बाकीचं समदं खाल्लं बग. सांगून सांगून तेवढंच ऱ्हायलं. मला माजा नवराच आठवंना, बबन." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही आक्कांना रडताना ऐकलं. आई माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिली.

दिवाळीच्या तोंडावर दीर आले. गणपा सुटायच्या दिवशी बबननं गावात असावं असं त्यांचं म्हणणं होतं. आक्कांनी त्यांना चहा दिला, पाणी दिलं, आणि समोर उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, मारुतीची वाटनी तुमी घ्या. बांधासकट घ्या. मी तलाठ्याम्होरं सही करतो. पोरगं तेवढं मला द्या."

 ती जमीन म्हणजे आक्कांचा म्हातारपणाचा आधार होता. तिच्या हातभर तुकड्यासाठी माणूस गेला होता.

"रगत थंड झालं व्हय तुजं?"

"झालं."

"भावाचं नाव बुडीवलंस माज्या."

"त्येला परत आनून उभा करता का? करत असाल तर न्या पोराला. न्हायतर आता मला 'सांग' म्हनू नगा. मी न्हाय सांगनार, कुनालाच. श्राद्धालाबी येनार न्हाय. हितंच पान वाढतो."

दीरांनी चहाची कपबशी खाली ठेवली. तेही थकलेले होते, हे मला त्या दिवशी दिसलं. एवढी वर्षं त्यांनीही दुसरं काही धरलं नव्हतं. ते बबनकडे वळले. "तू काय म्हनतोस?"

 बबननं काकांची पिशवी उचलली. "चला काका, यस्टीपतोर सोडतो," म्हणाला.

दीर उठले. दारातून बाहेर पडताना त्यांचं डोकं चौकटीला लागलं, पण त्यांनी मागं वळून बघितलं नाही. त्यानंतर सासरचा माणूस आक्कांकडे फिरकला नाही. दोन वर्षांनी दीर वारले, तेव्हाही निरोप आला नाही. परक्याकडून कळलं. आक्कांनी घरातच अंघोळ केली आणि दिवसभर मशीन बंद ठेवलं.

गल्लीत त्यांच्याबद्दल चांगलं बोललं गेलं नाही. नवऱ्याचा घात करणाऱ्याला भेटून आली म्हणून नावं ठेवली, जमीन फुकट घालवली म्हणून अक्कल काढली. माझ्या आईलाही तो निर्णय पुरता पटला नव्हता. "पोराच्या वाटणीचं सोडायचा हिला काय अधिकार?" असं ती वडिलांना म्हणाली. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. बबनच्या नावावर पुढं कधी गुंठाभर रान झालं नाही. सुरुवातीला तो आईशी महिनोन्‌महिने धड बोलत नसे. एका संध्याकाळीत माणूस बदलत नाही. गणपा सुटला त्या दिवशी तो जेवला नाही आणि आक्काही जेवल्या नाहीत. दोघं खोलीत नुसती बसून होती.

पुढं मामानं त्याला कबनूरला यंत्रमागावर लावलं, आणि आक्काही मशीन घेऊन तिकडे गेल्या. जाताना आईच्या आणि त्यांच्या बोलण्यात काही विशेष नव्हतं. नळाला पाणी किती वाजता येतं, नव्या भाडेकरूला सांगून ठेवा, असलंच काहीतरी. टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि गेल्या.

माझं लग्न सांगलीला झालं. संसार, नोकरी, आईचं आजारपण यात काही वर्षं निघून गेली. आई गेल्यानंतर एकदा मी मुद्दाम वाट वाकडी करून कबनूरला उतरले. बबननं घराला लागूनच शेड टाकून दोन माग बसवले होते. लग्न झालं होतं. खटाखट आवाजात बोललेलं एकमेकांना ऐकू येईना. आक्का वाळल्या होत्या, मशीन सुटलं होतं, पण माझ्या अंगावरची साडी चिमटीत धरून त्यांनी आधी कापड बघितलं, मग मला.

 आईचं ऐकून त्या माझा हात हातात घेऊन बसल्या. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "गेल्या साली कोल्हापूरच्या स्टँडवर गणपा दिसला."

मी जरा सावरून बसले.

"पल्याडच्या बाकड्यावर हुता. मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. पेंगत हुता."

"बोललात?"

"काय बोलायचं? त्येची गाडी लागली, त्यो गेला. माजी लागली, मी आलो." मग म्हणाल्या, "घरी येऊन हातपाय धुताना ध्यानात आलं, गाडीत बसल्यापास्नं त्येचा इचारबी आला न्हवता. वाटंत उसाकडं बगत आलतो."

हे सांगताना त्यांना आनंद झाला होता असं म्हणवत नाही. एखादं जड ओझं उतरवून ठेवल्यावर हमाल जसा नुसता उभा राहतो, तसा त्यांचा चेहरा होता.

त्यानंतर त्या पुन्हा भेटल्या नाहीत. त्या गेल्याचं मला बबनकडून बऱ्याच उशिरा समजलं. माझ्या नोकरीच्या, घरच्या अनेक भांडणांत मी एखादी जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत सुटले की मध्येच माझाच आवाज मला सपाट ऐकू येतो, आणि मी गप्प होते. नेहमीच जमतं असं नाही.

त्या दिवशी कबनूरला जेवणानंतर आक्कांनी शेडच्या उंबऱ्याशी चटई टाकली. "बस, जरा पाट टेकतो," म्हणाल्या. मी त्यांच्याशी बोलत होते. मुलांचं, शाळेचं काहीबाही. उत्तर आलं नाही म्हणून बघितलं तर त्या झोपल्या होत्या. डोक्याशी दोन माग धडधडत होते, धोटा इकडून तिकडे आपटत होता, आणि त्या तोंड किंचित उघडं टाकून लहान मुलासारख्या गाढ झोपल्या होत्या. बबनची बायको खुणेनं म्हणाली, आता संध्याकाळपर्यंत नाही उठायच्या. माझ्या गाडीची वेळ झाली होती. चप्पल हातात घेऊन मी त्यांना ओलांडून बाहेर आले.